आठ पट्ट्यांची खिडकी

कोल्हापूरजवळच्या उचगावातल्या त्या घरात मी चौदा महिने भाड्याने राहिले. त्यातले साडेतीन महिने मी एक गोष्ट बोलले नाही, आणि मी बोलले नाही म्हणून खालच्या मजल्यावरच्या एका म्हाताऱ्या माणसाने हातात पाना धरणं सोडलं. हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे मी कुणाची थट्टा केली, तर ती कोणत्या तोंडाने केली हे वाचणाऱ्याला ठाऊक असेल.

घर गावाच्या कडेला होतं. मागे ऊस, पुढे गल्ली. खाली घरमालक आणि त्यांची बायको, वर मी एकटी. मी शाहूपुरीतल्या एका छापखान्यात मुद्रितं तपासते. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, शाळांच्या स्मरणिका, जे येईल त्यातल्या चुका शोधून लाल शाईने खुणा करायच्या, हे माझं काम. नवरा नाही, मूल नाही आणि त्याचं फारसं दुःखही नाही, हे घर बघायला गेले त्या पहिल्या दहा मिनिटांतच मला दोघांना सांगावं लागलं. एकट्या बाईला घर हवं असेल तर हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर गल्ली ते स्वतःच्या सोयीने ठरवते. त्याआधी मी पाच घरं बदलली होती आणि सहाव्यातून हलायची माझी अजिबात इच्छा नव्हती.

घरमालकांना सगळी गल्ली मामा म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागले. त्यांची बायको ओघानेच मामी. मामांनी उभं आयुष्य उद्यमनगरात लेथवर काढलं होतं. ऑइल इंजिनाचे भाग कातायचे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी कुठलंही यंत्र ते आधी कानाने ऐकायचे आणि मग डोळ्याने बघायचे. करारावर सही करायच्या दिवशी त्यांनी मला वर नेलं आणि एकेका वस्तूसमोर उभं करून तिची ओळख करून दिली.

"हे बगा ताई," ते म्हणाले, "पंखा, कूलर, गीझर, पाण्याची मोटर, ह्यातलं काय बी बिघडलं की मला हाक मारायची. आपण हात लावायचा न्हाय. आणि भायेरचा मेकॅनिक ह्या घरात पाय ठेवणार न्हाय."

"आणि साफसफाई?"

"ती तुमची की! वापरणाऱ्यानं पुसायचं, बनवणाऱ्यानं दुरुस्त करायचं."

बनवणाऱ्यानं हा शब्द त्यांनी उगाच वापरला नव्हता. गॅलरीतला कूलर त्यांनी स्वतः बनवला होता. जाड पत्र्याचा, कपाटाच्या उंचीचा, आणि आतला पंखा कुठल्याशा बंद पडलेल्या कारखान्याच्या भिंतीतून काढून आणलेला. तो चालू केला की खिडकीला लावलेलं कॅलेंडर एप्रिलमधून थेट नोव्हेंबरात जायचं. आवाज एवढा की मी दुपारी कधी झोपते आणि कधी उठते हे समोरच्या किराणा दुकानदारालाही कळायचं. पण गार करायचा, यात वाद नाही. कोल्हापूरचा उन्हाळा काही एवढा वाईट नसतो असं लोक म्हणतात, पण ते सावलीतले लोक. स्लॅबखालच्या खोलीत मे महिना काढलेल्या माणसाला विचारा.

मी माझ्या वाटणीची कामं नेमाने करायचे. कूलरची टाकी दर आठवड्याला रिकामी करायची, तळातला गाळ काढायचा, बोअरच्या पाण्याने पंपावर धरलेला पांढरा थर चिंचेच्या कोळाने घासायचा, वाळ्याच्या जाळ्या उन्हात टाकायच्या. रविवारी मामा तपासणीला यायचे. पंख्याच्या पात्यावरून बोट फिरवायचे, बोट बघायचे आणि काही न बोलता खाली जायचे. बोलले नाहीत म्हणजे पास. सत्तेचाळीसाव्या वर्षी कुणाकडून तरी पास व्हायला मला आवडत होतं, हे मी कबूल करते.

आणि काही बिघडलं की मग समारंभच. मामा पेटी घेऊन वर यायचे. लोखंडी, हिरव्या रंगाची, प्रत्येक पान्याला ठरलेली जागा असलेली पेटी. माझ्या हातात ते बॅटरी द्यायचे, म्हणजे टॉर्च, आणि काम संपेपर्यंत मी ती धरून उभी राहायची. मुद्रितशोधनात मी कुणाचं ऐकून घेत नाही. इथे मात्र दर दोन मिनिटांनी ऐकून घ्यावं लागे.

"बॅटरी सरळ धरा की! माझ्या डोळ्यात काय इंजिन हाय व्हय?"

हात थरथरला की आरडाओरडा. प्रश्न विचारला की आरडाओरडा. काम झालं की मात्र ते त्या यंत्रावर तळहात ठेवून जरा वेळ उभे राहायचे, ऐकत. त्या वेळी त्यांचा चेहरा फार सुखी दिसायचा. मी त्या चेहऱ्यासाठी कधी कधी न बिघडलेलं काहीतरी बिघडलंय असं सांगितलेलं आहे.

जून लागला की कूलर झाकायचा. त्यासाठी मामांनी एक जुना फ्लेक्स दिला. आपल्याकडे माणसाचा वाढदिवस संपतो, फ्लेक्स संपत नाही. तो पुढची पाच वर्षं गवताच्या गंजीवर, गोठ्यावर, ट्रॉलीवर उपयोगी पडतो. या फ्लेक्सवर एका भावी सरपंचांचा अर्धा चेहरा होता, एक गॉगलची काच आणि अर्धी मिशी. बाकीचे अर्धे सरपंच शेजारच्या म्हशीवर होते. पावसाळाभर ते माझ्या कूलरवर ओणवे पडून होते.

थंडी सुरू झाली तशी गीझरची पाळी आली. न्हाणीघरात भिंतीवर गॅसचा गीझर होता, आणि त्याच्या समोरच्या भिंतीत वर, छताजवळ, काचेच्या आठ पट्ट्यांची खिडकी. मामा-मामी स्वतः मात्र हा गीझर वापरत नसत. खाली परसात त्यांचा तांब्याचा बंब होता. त्यात ढलप्या आणि नारळाच्या करवंट्या घालून ते पाणी तापवायचे आणि त्या पाण्याला वास असतो म्हणून अभिमानाने सांगायचे. गीझर भाडेकरूंसाठी होता.

डिसेंबरात मी तक्रार केली, की गीझर मध्येच बंद पडतो. डोक्याला शिकेकाई लावलेली असते आणि पाणी एकदम गार. मामा आले, मी बॅटरी धरली, त्यांनी झाकण काढून आत बघितलं आणि हसले.

"बिघडलेलं काय बी न्हाय. ह्यात टायमर हाय. वीस मिनिटं झाली की आपोआप बंद हुतंय. भित्र्या माणसासाठी असतंय हे."

"मला वीस मिनिटं पुरत नाहीत. केस धुवायचे असतात, कपड्यांना गरम पाणी लागतं."

"मग काढूया की."

त्यांनी दोन वायरी सोडवल्या, एकमेकींना जोडल्या आणि टायमर निकालात काढला. मग वर खिडकीकडे बोट दाखवलं. "ती तेवढी उघडी हाय, म्हणून काढतोय. पट्ट्या मी पक्क्या बसवल्यात, उघड्याच. कुणाला बंद करताच येऊ ने म्हणून. गॅस जळतोय म्हटल्यावर वारं लागतंय."

मी हो म्हटलं. ऐकलं मी नीट. समजलंही. गीझरच्या बाजूला चिकटवलेला सूचनांचा कागद मात्र मी त्या दिवसापर्यंत वाचलेला नव्हता, आणि त्यानंतरही वाचला नाही. दिवसभर दुसऱ्यांचे कागद वाचणारी बाई म्हणून एवढी सूट मी स्वतःला दिली होती.

पुढे आठ-दहा दिवसांत ऊसतोड जोरात आली. ज्यांनी हंगामात या भागात राहून बघितलंय त्यांना काजळी माहीत असेल. साखर कारखान्यांच्या आणि गुऱ्हाळांच्या धुराबरोबर ती काळी हलकी कात्रणं उडत येतात आणि वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांवरच नेमकी बसतात. माझ्या न्हाणीघरात ती त्या आठ पट्ट्यांतून यायची. धुतलेल्या बादलीत काजळी, साबणावर काजळी, ओल्या अंगावर काजळी. शिवाय पहाटेचं वारं उसातून थेट पाठीवर. एका सकाळी माझा संताप झाला. मी गॅलरीत गेले, कूलरवरचा फ्लेक्स काढला, चार घड्या घातल्या, स्टुलावर चढले आणि तो त्या खिडकीत ठासून भरला. आधी सरपंचांची बाजू आत आली होती. आंघोळीच्या वेळी एका डोळ्याने का होईना, कुणी बघत बसलेलं मला चाललं नसतं, म्हणून पुन्हा काढून त्यांचं तोंड बाहेर केलं. आणि या विनोदावर मी एकटीच हसले.

न्हाणीघर उबदार झालं. काजळी बंद झाली. दोन-तीनदा मला आंघोळीनंतर डोकं जड वाटलं, ते मी पित्तावर घातलं आणि आल्याचा चहा घेतला.

मग भोगी आली. संक्रांतीच्या आदल्या दिवशी बायका पाण्यात तीळ घालून डोक्यावरून न्हातात, हे घरोघरचं आहे. न खाई भोगी तो सदा रोगी म्हणतात, ते खाण्याचं. पण मामींचं म्हणणं, न्हाल्याशिवाय खाणंही खोटं. आणि नेमका त्या आठवड्यात मामांनी परसातला बंब खोलला होता. तळाला गळत होता, डाग देऊन भोक बुजवायचं होतं, पण एक काम संपवून मग दुसरं काढायचं हे त्यांच्या स्वभावात नव्हतं. बंब तीन तुकड्यांत नळाखाली पडलेला होता. मामी सकाळी आठच्या सुमाराला तिळाची वाटी आणि लुगडं घेऊन वर आल्या.

"तुझ्यात न्हाते ग बाई. ह्यांचं इंजिन खोलून पडलंय."

मी गीझर लावून दिला, ठिणगीचा टकटक आवाज झाला, भक्कन पेटला. मामींनी दार लावून घेतलं. मी आत जाऊन वांगी चिरायला बसले. फ्लेक्स माझ्या मनातही आला नाही. मी यावर पुष्कळ विचार केलेला आहे. खरंच आला नाही.

पाणी पडत होतं. वांगी झाली, गाजरं झाली, मी वालपापडी सोलून संपवली, तरी पाणी पडतच होतं. पाऊण तास झाला असावा. लांब केस आहेत, सण आहे, असं मी म्हटलं. मग हाक मारली. दुसरी मारली. दार वाजवलं. पाण्याचा आवाज अगदी एकसारखा येत होता, कुणी तांब्या बुडवतंय, ओततंय असं काही नाही. तेव्हा मला कळलं आणि मी जिन्यात जाऊन ओरडले.

मामा दोन-दोन पायऱ्या चढत आले. हातात लांब पेचकस होता, तो त्यांच्या हातात असायचाच. दाराच्या फटीत घालून त्यांनी एका हिसक्यात आतली कडी उडवली. आत वाफ एवढी की काही दिसेना. मामी भिंतीला टेकून बसल्या होत्या, मान पडलेली. आम्ही दोघांनी त्यांना चादरीत गुंडाळून गॅलरीत आणलं. श्वास चालू होता. समोरचा दुकानदार रिक्षा घेऊन आला, मामा मामींचं डोकं मांडीवर घेऊन बसले आणि रिक्षा गेली.

मी वर आले. गीझर बंद केला, गॅस बंद केला, स्टुलावर चढले आणि फ्लेक्स ओढून काढला. तो काढला ते हवा यावी म्हणून. इथपर्यंत मी जे केलं ते कुणीही केलं असतं. त्यानंतर मी त्याच्या घड्या झटकल्या आणि तो कूलरवर जिथल्या तिथे पसरून, चारी कोपरे सुतळीने बांधले. हे मात्र मी केलं.

दुपारी डबा घेऊन दवाखान्यात गेले तेव्हा मामी शुद्धीवर होत्या, नाकाला ऑक्सिजन लावलेला. डॉक्टर तरुण होते. ही गॅस गीझरची विषबाधा आहे हे त्यांनी लगेच ओळखलं होतं. माझ्या समोरच त्यांनी विचारलं, "बाथरूमला हवा जायला जागा होती का?"

"हाय की," मामा म्हणाले. "आठ पट्ट्यांची खिडकी हाय, म्या स्वतः बसवली. कायम उघडी असतीया." मग थांबले. "पण टायमर म्या काढला हुता, डॉक्टर. ह्या हातानं काढला."

डॉक्टर मान हलवून पुढच्या खाटेकडे गेले. बोलायची जागा होती ती. डबा माझ्या हातात होता आणि मामांच्या पलीकडे फक्त भिंत होती. मी घाबरले होते असं म्हणणं सोयीचं आहे, पण मी घाबरले नव्हते. मी विचार करत होते. पुन्हा घर शोधायचं, पुन्हा नवरा नाही मूल नाही सांगायचं, आणि गल्लीत हिने म्हातारीला मारलीच असती ही ओळख घेऊन जायचं. टायमर काढलेला होताच की, खोटं तर कुणी बोलत नाहीये. एवढं सगळं मी त्या दोन मिनिटांत रचलं आणि मग म्हणाले, "मामा, दोन घास खाऊन घ्या."

मामी दुसऱ्या दिवशी घरी आल्या. संक्रांतीचा तिळगूळ एक दिवस उशिरा, पण त्यांनीच वाटला. आठवड्यात त्या नेहमीसारख्या गल्लीत भांडायलाही लागल्या. मामा मात्र वाडीवस्तीत भेटेल त्याला सांगत सुटले, "माझ्या हातानं मारली असती की रं तिला." आधी लोक हळहळले, मग कंटाळले. त्यानंतर मामा गप्प झाले. कोल्हापूरकडचा माणूस गप्प बसला की घरात काहीतरी बिघडलंय हे समजावं, आणि इथे तर ऐकून सांगणाराच बिघडला होता.

हिरव्या पेटीला त्यांनी कुलूप घातलं. बंब नळाखाली तीन तुकड्यांत तसाच राहिला. तांबं हिरवं पडत चाललं, एका तुकड्यात मामींनी कोंबड्यांना पाणी ठेवायला सुरुवात केली. खाली त्या चुलीवर पाणी तापवायच्या, वर मी बादलीत हीटरची कांडी सोडायचे. रविवारी तपासणीला कुणी आलं नाही. माझ्या पंख्याच्या पात्यावर धूळ साठली, मी मुद्दाम पुसली नाही, आणि तरी कुणी आलं नाही.

मार्चच्या सुरुवातीला करार संपला. नवा करायला मी खाली गेले. मामांनी चष्मा न लावता दाखवली तिथे सही केली.

"काही सूचना, मामा?"

"काय न्हाय."

"काही बिघडलं तर?"

"मेकॅनिक बोलवा की," ते म्हणाले आणि बाहेर बघत बसले.

एवढी साधी वाक्यं होती. आणखी अकरा महिन्यांचं घर हातात घेऊन मी वर गेले, दार लावलं आणि तरीही बोलले नाही. जानेवारीत बोलणं अवघड होतं; मार्चात त्यात दोन महिन्यांच्या गप्प बसण्याची भर पडलेली होती. न बोललेल्या गोष्टीचं असंच असतं, ती जागच्या जागी वाढत राहते.

एप्रिलच्या शेवटी उन्हाने कहर केला. मी कूलर उघडायला गॅलरीत गेले. सुतळ्या सोडल्या, फ्लेक्स ओढला, झटकायला म्हणून पालथा केला. सरपंचांच्या छापील बाजूवर काळ्या रेघा उमटलेल्या होत्या. आडव्या, सरळ, सारख्या अंतरावर. काचेच्या पट्ट्यांच्या कडा दाबून बसल्या होत्या तिथे काजळीने खुणा केल्या होत्या. मी मोजल्या. आठ. चुकांवर खुणा करणं हे माझं काम, आणि कुणीतरी माझ्यासाठी ते करून ठेवलं होतं.

कूलर लावून बघितला. घर्र झालं आणि बंद पडला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. मी जिन्यावरून खाली हाक मारली, "मामा, कूलर अडकतोय." सवयीने. खालून उत्तर आलं, तेही सवयीने, "मेकॅनिक बोलवा." आणि मामी परसात भांडी घासता घासता थांबल्या, हे मला वरून दिसलं. त्यांनी मामांकडे बघितलं आणि पुन्हा घासायला लागल्या. ते बघणं मला सहन झालं नाही.

मी फ्लेक्स काखेत मारला, खाली गेले आणि मामांच्या पुढ्यात, पुढच्या सोप्यात जमिनीवर पसरला, रेघांची बाजू वर करून.

"हा न्हाणीघराच्या खिडकीत होता," मी म्हणाले. "डिसेंबरपासून. मी ठासून बसवला होता, काजळी येते म्हणून. मामी न्हायला आल्या तेव्हाही होता. त्या दवाखान्यात गेल्यावर मी काढला आणि कूलरवर बांधला. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी तिथे होते."

मामांनी उशाखालचा चष्मा घेतला, डोळ्यांवर चढवला आणि खाली वाकले. रेघांवरून बोट फिरवलं. वितीने अंतर मोजलं. एखादा कातलेला भाग तपासावा तसं ते शेवटपर्यंत तपासत गेले.

"किती पट्ट्या झाकल्या हुत्या?"

"सगळ्या."

"फट?"

"नाही. नीट बसवला होता."

"नीट बसवला हुता," ते म्हणाले. मग ताडकन उठले आणि साडेतीन महिन्यांत ऐकला नव्हता एवढा मोठा आवाज काढला. "पट्ट्या कशापायी पक्क्या केल्या हुत्या म्या? आँ? कशापायी? तुमास्नी सांगितलं हुतं का न्हाई? शिकल्या-सवरल्या बाईला एवढं कळू ने? मानूस मेलं असतं की वो!" समोरचा दुकानदार वजन करता करता बाहेर आला. मी ऐकून घेतलं. सगळं खरं होतं.

ते दम घ्यायला थांबले तेव्हा मामी ओल्या हातांनी दारात येऊन उभ्या होत्या. मला वाटलं आता त्याही सुरू होतील. त्या अगदी हळू बोलल्या.

"मी दुसऱ्या दिवशी उठून बसले ग. हे अजून पडूनच हायत. ते दिसत न्हवतं व्हय तुला?"

दिसत होतं. मी तसं म्हणाले आणि रडले. रडले हे मला आवडलं नाही, पण आलं रडू.

मामा खाली बसले. आवाज उतरला होता. "टायमर काढला ही बी चूकच. ती अर्धी माझी, मी घेतो. पन तुमची अर्धी बी एवढं दिस मीच वागवली, ताई." थोडं थांबून म्हणाले, "बिघडलं की सांगायचं, एवढी एकच अट हुती. मे अखेरला खोली मोकळी करा."

मी हो म्हटलं. वाईट वाटलं, खूप वाटलं, पण अन्याय झाला असं वाटलं नाही. वर येऊन बसले तर खाली काहीतरी खणखणलं. मग कुलपाचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा हिरवी पेटी घेऊन दारात उभे. माझ्याकडे बघितलं नाही. आधी कूलर उघडला. पंख्याच्या मागे पारव्यांनी काड्या भरल्या होत्या, त्या काढल्या, बेअरिंगला तेल घातलं, हाताने पातं फिरवून ऐकलं. मग न्हाणीघरात गेले आणि गीझर भिंतीवरून उतरवला. पुढचे आठ दिवस ते काम चाललं. गीझर बाहेर गॅलरीत, उघड्या वाऱ्यावर, पावसासाठी वर पत्र्याची टोपी. भिंतीला भोक पाडून फक्त गरम पाण्याची नळी आत. टायमरच्या वायरी पुन्हा होत्या तशा जोडल्या आणि घड्याळ लावून तीनदा तपासल्या. मी त्या गीझरचं पाणी वापरणार नव्हते, हे दोघांनाही माहीत होतं. तो पुढच्या भाडेकरूसाठी होता.

वायरी जोडायच्या वेळी त्यांनी न बघताच मागे हात केला. हातात बॅटरी होती. मी ती घेतली आणि धरली.

"सरळ धरा की!"

मी दोन्ही हातांनी धरली. त्यांना प्रकाश पुरत होता, तरी ते ओरडत राहिले आणि मी ऐकत राहिले. इतकं बरं मला त्या घरात दुसऱ्या कुठल्याच दिवशी वाटलं नव्हतं.

मे अखेरीला छोटा टेम्पो आला. सामान फार नव्हतं. फ्लेक्स मी धुऊन, वाळवून, घडी घालून कूलरच्या टाकीत ठेवला, पुढे पाऊस येणार होता. मामींनी फोडणीच्या मिरच्यांची बरणी दिली आणि नव्या घरात न्हाणी कुठे आहे ते विचारलं. मी सांगितलं, खिडकी मोठी आहे.

"मामा?" मी विचारलं.

परसातून ठोक्यांचा आवाज येत होता. मामींनी मान वळवून तिकडे बघितलं. बंबाचे तिन्ही तुकडे घासून लाल केलेले होते, शेगडी फुललेली होती आणि मामा पाठमोरे बसून तळाला डाग देत होते. शेजारी कोंबड्या आपलं भांडं गेलं म्हणून कलकलाट करत होत्या.

मी हाक मारली नाही. टेम्पो निघाला. मामा मला सोडायला आले नाहीत, ते कामात होते.